सराट्याचा चाकू

ती दुपार मी विसरलेलो नाही, आणि ती आठवली की आजही आधी संताप येतो. त्या संतापात माझ्या स्वतःवरच्या रागाचा वाटा मोठा आहे, म्हणून हकीकत घडली तशीच सांगतो. नावे कुणाचीच देत नाही. ज्यांची द्यावीशी वाटतात ते आज हयात नाहीत, आणि ज्यांची देऊ नयेत त्यांची लेकरे अजून त्याच गावांत राहतात.

पन्नाशीच्या दशकाचा मधला काळ. आमचा चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. गोंडपिपरीकडच्या जंगलपट्टीतल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. ठाणे म्हणजे कौलारू इमारत, एक हवालात, एक मालखाना, सात शिपाई, लिखापढी सांभाळणारा एक हेड मोहरीर आणि भिंतीवर दिवसाला चार मिनिटे मागे पडणारे घड्याळ. मी ते रोज सकाळी माझ्या मनगटी घड्याळाशी जुळवून घेत असे. हे मुद्दाम सांगतो, कारण या प्रकरणात वेळेला महत्त्व आहे.

वैशाखातला दिवस होता. सकाळी बरोबर आठ वाजता एक कोतवाल चिठ्ठी घेऊन ठाण्यात आला. चिठ्ठी उत्तरेला सहा मैलांवरच्या गावच्या माजी मालगुजाराची, म्हणजे जुन्या जमीनदाराची होती. मालगुजारी कायद्याने संपून काही वर्षे झाली होती, पण आसपासच्या गावांत त्यांना अजून ‘मालक’च म्हणत, आणि ठाण्यातही त्यांना खुर्ची मिळे. चिठ्ठीत लिहिले होते : ‘दक्षिणेकडील गावातून आठ-दहा हत्यारबंद इसम वरातीचे सोंग घेऊन आज सकाळी निघाल्याचे समजले. दरोड्याचा इरादा आहे. योग्य ती तजवीज व्हावी.’

मी रोजनामच्यात नोंद केली, सव्वाआठला चार शिपाई दक्षिणेला मैलभरावरच्या नाल्याकडे पाठवले आणि कोतवालाला ओसरीवर बसवून ठेवले. माणूस प्रतिष्ठित, खबर लेखी. मी दुसरा विचार केला नाही.

नऊ वाजून गेल्यावर शिपाई परतले. सोबत बैलांच्या दोन बंड्या, नऊ पुरुष, काही बाया आणि अंगभर हळद लागलेला वीस-बावीस वर्षांचा एक तरुण. त्याच्या उजव्या मुठीत चाकू होता.

“मुठीतून सोडतच नाई साहेब,” शिपाई म्हणाला. “दोघं लटकलो हाताले, तरी सोडला नाई.”

तरुणाचे मनगट लाल होऊन सुजायला लागले होते.

आमच्या भागात नवरदेवाला हळद लागली की त्याच्या हाती कट्यार देतात. तिच्या टोकाला लिंबू खोचतात. लग्न लागेपर्यंत ते लोखंड हातातून सुटू द्यायचे नसते. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. मी नागभीडकडचाच. पण लग्नाची कट्यार कशी असते तेही मला ठाऊक होते : कोरीव मूठ, म्यान, गोंडे. या पोराच्या हातात होता तो ओबडधोबड, नुकताच घासलेला, मुठीला चिंधी गुंडाळलेला लोखंडाचा तुकडा. लिंबूही नव्हते. चिठ्ठीत ‘सोंग’ हा शब्द होता आणि तो शब्द माझ्या डोक्यात आधीच बसला होता. मी पोराला हवालातीसमोर बसवले आणि इतरांना आवारातल्या चिंचेखाली.

“चाकू खाली ठेव,” मी म्हणालो.

“नाई ठेवत साहेब. मारा पायजे तर.”

“लग्नाची कट्यार अशी असते?”

“आमच्याकडं अशीच जमली.”

“लिंबू कुठे आहे?”

“नाल्यात पडलं. तुमच्या लोकायनं हात पिरगाळला तवा.”

“कुणी बनवला हा?”

“मायनं अन् म्या.”

हेड मोहरीर हसला. “वा रे वा! मायनं चाकू बनवला! उद्या म्हणशील आजीनं बंदूक बनवली.”

शिपाईही हसले. पोर हसले नाही. त्याने माझ्याकडे पाहिले आणि साध्या आवाजात विचारले, “साहेब, तुमच्या लगनात तुमच्या हाती काय होतं?”

“ए! जबान सांभाळ,” हेड मोहरीर ओरडला.

मी त्याला हाताने थांबवले. प्रश्न सरळ होता आणि त्याचे उत्तर मला देता येत होते. “कट्यार होती,” मी म्हणालो. मामांनी दिलेली, चांदीच्या मुठीची. पाते साडेसात इंच. हे शेवटचे मी बोललो नाही, पण मला ते इंचासकट आठवले.

“मंग तुमाले कोनं अडवलं होतं?”

त्या महिन्यात ठाण्यासमोरच्या रस्त्याने अकरा वराती गेल्या होत्या. आकडा पक्का आहे, कारण प्रत्येक वरातीतून ठाण्यात लाडू आले होते आणि ते वाटायचे काम माझ्याकडे असे. अकरा नवरदेव, अकरा कट्यारी. माझ्या शिपायांनी त्यांना सलाम ठोकले होते. बाराव्याला आम्ही मनगट पिरगाळून आणले होते.

तरीही मी त्याला लगेच सोडले नाही. लेखी खबर होती आणि मला पुरावा हवा होता. पुरावा मागायला हरकत नव्हती. तो मी आधीच्या अकरांकडे का मागितला नाही, हा खरा सवाल होता, आणि तो मी त्या घटकेला टाळला.

बाराच्या सुमारास पोराची आई आली. विधवा म्हणून ती वरातीसोबत निघाली नव्हती. वरातीतला एक जण शिपायांची नजर चुकवून घरी पळाला होता. त्याने सांगितल्यावर ती तीन मैल उन्हात चालत आली. पदराच्या गाठीत तिने काहीतरी बांधून आणले होते.

“ठाणेदारसाहेब कोन?”

“मी. बोला बाई.”

“चाकू कशाचा म्हनून विचारून राह्यले म्हने तुमी. हे पाहा, हे उरलेलं.” तिने गाठ सोडून लोखंडाचा एक तिकोनी पत्रा माझ्या टेबलावर ठेवला. “माह्या सराट्याचा हाय. भाकरीच्या सराट्याचा.”

सराटा म्हणजे तव्यावरची भाकर उलटायचे उलथणे. लांब दांडा, पुढे रुंद पान.

“सराटा कापून चाकू केला? लोहाराकडे का नाही गेलात?”

“गेलो होतो ना. दोनदा गेलो. तो म्हने, बाई, मले मालकाचा निरोप हाय, तुमच्या वस्तीतल्या पोराले कट्यार करून देऊ नोको म्हनून. उसनी मागाले गेलो तं कोनी देल्ली नाई. मंग काय करू? छन्नीनं पान तिरपं कापलं, पाट्यावर घासलं. तीन दिवस घासलं मायलेकानं.”

“आणि भाकर?”

“या तुकड्यानं पलटवून राह्यली.” तिने हात पुढे केला. बोटांची टोके भाजलेली होती.

मी बाजारातून दोन पंच बोलावले. टेबलावर कोरा कागद पसरला आणि पोराला म्हणालो, “चाकू सोडू नकोस. हातात धरूनच कागदावर टेकव.” त्याने टेकवला. मी पेन्सिलीने पात्याभोवती रेघ ओढली. मग त्याच रेघेला लावून आईने आणलेला तिकोनी तुकडा ठेवला आणि त्याच्याभोवती रेघ ओढली. पाते सव्वाचार इंच, तुकड्याची तिरपी बाजू सव्वाचार इंच. मध्ये जेमतेम एका सुताची फट राहिली, जी घासण्यात गेली होती. हात बाजूला केले तेव्हा कागदावर सराट्याचे आख्खे पान होते. पात्याच्या टोकाला पाऊण इंच निळसर काळा डाग होता. लोखंडाला लिंबाचा रस लागून राहिला की असा डाग पडतो, हे पंचांपैकी एकाने, किराणा दुकानदाराने, मी न विचारता सांगितले. मुद्देमाल आरोपीच्याच मुठीत आहे असा पंचनामा मी साऱ्या नोकरीत तेवढा एकच केला.

आता ओसरीवरच्या कोतवालाकडे वळलो. या वेळी मी करायला हवा होता तो हिशेब केला. वरात सात वाजता निघाली आणि नाल्यावर न्याहारीला थांबली, हे सगळ्यांच्या जबाबात सारखे होते. तिचे गाव ठाण्यापासून तीन मैल दक्षिणेला, मालगुजाराचे सहा मैल उत्तरेला. म्हणजे वरात निघाल्याची खबर नऊ मैल मालकाकडे गेली, चिठ्ठी होऊन सहा मैल माझ्याकडे आली, आणि हे सारे सात ते आठ या एका तासात.

“पंधरा मैल,” मी कोतवालाला म्हणालो. “एका तासात. पायी. कसे रे?”

कोतवाल खाली पाहू लागला. “मले काय मालूम साहेब. मालकानं चिठ्ठी कालच संध्याकाळी देल्ली. सकाळी आठच्या आत पोचव म्हने, पन रातीच नोको देऊ.”

“का?”

“पोरगी आमच्याच गावची हाय ना. वरात मोठ्या रस्त्यानं मालकाच्या दारासमोरून जाईन. हातात कट्यार घेऊन. त्या वस्तीतला नवरदेव असा कदी गेला नाई साहेब.”

म्हणजे दरोड्याची खबर देणारा मालक स्वतःच मुलीच्या गावचा होता, आणि वरात कुठे चालली हे मी सकाळपासून विचारलेच नव्हते. मुहूर्त गोरजाचा, साडेसहाचा. तो टळावा, मुलीच्या बापाच्या मनात जावई दरोडेखोर असल्याचा संशय बसावा आणि पोराने मागच्या वाटेने, रिकाम्या हाताने यावे, एवढ्यासाठी त्याने सरकारी पोलीस वापरले होते. आणि ते वापरून घ्यायला मी तयार बसलो होतो. त्याच्या दिवाणखान्यात भिंतीवर दोन तलवारी आणि एक बंदूक मी स्वतः पाहिली होती. चहा घेताना.

हेड मोहरीर माझ्या कानाशी आला. “साहेब, असं लिहा का चाकू मिळालाच नाई. आपल्या अंगावर काही येत नाही.”

“जे झाले ते लिहा,” मी म्हणालो. “चुकीच्या खबरीवरून अटक, माझ्या हुकुमाने. मनगटाला दुखापत, आपल्या शिपायांकडून. तेही लिहा.”

“दुखापत बी?”

“ती आधी लिहा.”

पावणेतीनला वरातीला मोकळे केले. बंडी तासाला अडीच मैल धरली तरी सहा मैलांना दोन तास चोवीस मिनिटे. सव्वापाचपर्यंत पोहोचता येत होते. मी सायकल काढली आणि वरातीच्या पुढे निघालो, तर पोराच्या आईने हाक मारली.

“साहेब, तुमी पुढं नका चालू. लोकं म्हनतीन, पोलीस धरून आनून राह्यले.”

तिचे म्हणणे रास्त होते. मी मागे झालो. दोन बंड्यांच्या मागे, धुळीत, सायकल हाताने ढकलत, सहा मैल. माझ्या शेजारी ती चालत होती. विधवेने वरातीसोबत जायचे नसते, असे वरातीतल्या एका म्हाताऱ्याने सुचवून पाहिले. “चाकू लगनाले चालते, तं तो बनवनारी काऊन नाई चालत?” असे तिने विचारले आणि ती चालत राहिली.

गावात वरात मोठ्या रस्त्यानेच शिरली. मालक ओसरीवर बसले होते. नवरदेव समोरून गेला तेव्हा ते पान लावत राहिले. मला पाहून उठले.

“या या ठाणेदारसाहेब. ऐकलं आम्ही. आमचा जरा गैरसमजच झाला.”

मी पायरी चढलो नाही. “गैरसमज एका तासात पंधरा मैल पायी येत नाही,” मी म्हणालो, आणि ते रस्त्यावरच्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो. मग मांडवात जाऊन मुलीच्या बापाला, सगळ्यांसमोर, सांगितले की पोरावर कसलाही गुन्हा नाही आणि चूक ठाण्याची आहे.

मुहूर्त साधला. पण नवरदेवाची मूठ वळेना. हात मनगटापासून कोपरापर्यंत सुजला होता. शेवटी आईने हळदीच्या फडक्याने चाकू त्याच्या तळव्याला बांधला, टोकाला नवे लिंबू खोचले. मुलीच्या बापाने मला जेवायला थांबवले. मी संकोचलो, तेव्हा तीच बाई म्हणाली, “जेवा साहेब. उपाशी गेल्यानं माह्या पोराचं मनगट उतरत नाई, अन् जेवल्यानं बी उतरत नाई.” मी जेवलो.

खोटी खबर दिल्याबद्दल माजी मालगुजारावर कारवाई व्हावी असा प्रस्ताव मी वर पाठवला. सोबत पंचनामा, कोतवालाचा जबाब आणि अंतरांचा नकाशा जोडला. तो एका ओळीचा शेरा घेऊन परत आला : ‘खबर देणारे प्रतिष्ठित गृहस्थ असून हेतू सद्भावनेचा दिसतो. कागद दप्तरी दाखल करावेत.’ पंधरा मैलांबद्दल एक अक्षर नव्हते. मी पुन्हा लिहिले. पुन्हा तोच शेरा आला. तिसऱ्या वेळी माझी बदली आली.

पुढे नोकरीत खबर हाती आली की मी तिच्या कागदाच्या कडेला आधी अंतर आणि वेळ लिहीत असे, आणि खाली लिहीत असे की ही खबर खरी ठरली तर देणाऱ्याचे काय साधते. नव्या शिपायांनाही तेच शिकवले. श्रीमंताच्या हातातले हत्यार रिवाज वाटते आणि गरिबाच्या हातातला रिवाज हत्यार वाटतो. ही खोड डोळ्यांची असते, आणि वर्दी चढवली की ती जास्त बळावते. माझी तर मुळात होतीच.

चाकू आम्ही त्याच्या हातातून शेवटपर्यंत घेऊ शकलो नाही, याचे मला समाधान आहे. पण लग्नाच्या दिवशी तो त्याला बांधून घ्यावा लागला. ती दुखापत माझ्या हुकुमाने झाली, माझ्याच ठाण्याच्या रोजनामच्यात लिहिलेली आहे, आणि तिच्याबद्दल मला एकाही वरिष्ठाने कधी एक प्रश्न विचारला नाही.