‘कबूल हाय’ म्हणणारा भिकाजी

वकिलाच्या खोलीत कागदांपेक्षा किस्से जास्त साठतात. कागद वाळवी खाते, किस्से शाबूत राहतात! मी नगरला काकांच्या हाताखाली नवा वकील होतो, दुष्काळाच्या आगेमागे, तेव्हाचे हे किस्से. वकिली मला काकांनी शिकवली, माणसं अशिलांनी. दोघांचेही उपकार आहेत. हे सगळे एकट्या कोल्हारच्या भिकाजीचे.

*

पाण्याच्या पाळीवरून भांडण होऊन भिकाजीनं सावळेरामला फावड्याच्या दांड्यानं हाणलं. सावळेराम पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी सोडणारा सरकारी माणूस. कोर्टात विचारल्यावर भिकाजी म्हणाला, "व्हय, मारलं. कबूल हाय."

गावात देवीपुढं चूक कबूल करून नारळ फोडला की भांडण मिटायचं. गडी कोर्टातही नारळ घेऊनच गेला होता! तीन महिन्यांची सजा झाली, नारळ शिपायाकडंच राहिला.

*

भिकाजीची बायको रडत आमच्याकडं आली. घरात तान्हं पोर, ते म्हशीच्या दुधावर. आणि म्हैस भिकाजीशिवाय कुणाला कासेला हात लावू देईना.

काकांनी तिला नीट समजावलं, की कबुली आता पुसता येत नाही, शिक्षा कमी करा एवढंच अपिलात मागता येईल. ती गेल्यावर मात्र माझ्यावर डाफरले, "आधी कबूल करतात, मग वकील शोधतात. वरातीमागून घोडं!"

*

जामिनाच्या अर्जावर अंगठा घ्यायला मी जेलात गेलो, तर हा हात पुढं करीना.

"कबूल बी करायचं आन् घरी बी जायचं? देवी काय म्हनंल?"

परत येऊन हे सांगितल्यावर काकांनी कपाळाला हात लावला.

*

अपिलाच्या दिवशी त्याला गप्प राहायची ताकीद होती. काका सांगत होते, घरी तान्हं पोर आणि एक म्हैस, पहिलाच गुन्हा, मनात डूख नव्हता. तेवढ्यात भिकाजी उठला.

"डूख हुता, सायेब. आता न्हाई."

आम्ही गार! न्यायाधीशांनी हसू दाबलं आणि विचारलं, म्हशीचं सध्या कोण बघतं? मागं सावळेराम उभा राहिला. हात अजून गळ्यातच बांधलेला.

"वैरन मी टाकतो, सायेब. पन दूध देत न्हाई ती."

भोगली तेवढी शिक्षा पुरे, असा हुकूम झाला. सावळेरामचे पाय धरायचेच मी बाकी ठेवले होते.

*

पुढं एका सकाळी दुधाची किटली आली. काका अशिलाकडून असलं काही घेत नसत, ही मात्र त्यांनी दोन्ही हातांनी घेतली. आणणारा होता सावळेराम. भिकाजी का नाही आला, म्हणून मी विचारलं.

"कसा येनार? आज त्याची पाळी हाय. त्याच्या वावरात पानी सोडूनच एस्टीत बसलो."