जाऊबाईंचा रडका

माणसं फार चांगली वागायला लागली की बिब्ब्याचं डोकं उठायचं. वाईट वागणाऱ्याचं काय करायचं हे तिला पाठ होतं: चार शब्द सुनवायचे आणि मोकळं व्हायचं. पण गेला महिनाभर कारखान्यातल्या यच्चयावत बायकांना चांगुलपणाचा जो झटका आला होता, त्यावर तिच्याकडे इलाज नव्हता. जी ती जिभेवर साखर ठेवून फिरत होती, आणि हे सगळं चाललं होतं तिच्या थोरल्या जावेसाठी.

बिब्बा हे अर्थातच नाव नव्हे. कोणीतरी कधीतरी तिला चिडका बिब्बा म्हटलं, पुढे चिडका गळून पडला आणि बिब्बा राहिला. तोंडावर म्हणायची कोणाची टाप नव्हती, पण तिला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते फारसं खटकतही नव्हतं.

कारखाना म्हणजे एका गोदामाच्या डोक्यावरचा लांबलचक हॉल. तिथे दवाखान्यांतल्या कर्मचाऱ्यांचे शर्ट शिवले जात. खिडकीजवळ बसून थोरली जाऊ कॉलर लावायची, तिच्या मागच्या रांगेत बिब्बा ओव्हरलॉकवर कडा बंद करायची, आणि दाराजवळच्या मोठ्या टेबलावर मास्तर कापड कापायचे. मशीनं सुरू झाली की शेजारणीकडे कात्री मागायलासुद्धा घसा ताणावा लागे. अशा जागी गाणी ऐकायचं खूळ कोणाच्या डोक्यात यावं? ते थोरलीच्या डोक्यात आलं होतं.

दोऱ्याच्या रिळांच्या फळीवर एक स्पीकर होता. जेवण झालं की मशीनं चालू ठेवूनच रोज एकीची पाळी. तिनं आपला लाडका आवाज लावायचा, पण लावून गप्प बसायचं नाही. आधी उभं राहून सांगायचं, की यात ऐकायचं काय. 'आवाज गोड आहे' एवढ्यावर सुटका नव्हती. "गोड साखरही असते, तू आवाजाचं बोल," असं थोरली ठणकावायची. जागा दाखवावी लागे: इथे बघा कसा खाली उतरतो, इथे श्वास घेतलेला कळला का. मग बाकीच्यांनी त्या आवाजावर तुटून पडायचं. काज करणाऱ्या मुलीचा एक तरुण गायक सगळ्यांनी मिळून असा सोलून काढला होता, की ती रुसून डबा एकटीच खात बसली, आणि पुढच्या पाळीला त्याचीच आणखी गाणी घेऊन आली.

थोरलीचा लाडका होता एक जुना गायक, जाड आणि संथ आवाजाचा. एकेक शब्द असा सोडायचा, जणू सोडायची इच्छाच नाही. बिब्ब्यानं त्याचं नाव ठेवलं होतं रडका. बिब्ब्याची लाडकी गायिका उंच, धारदार गळ्याची, वर चढली की मशीनांच्याही डोक्यावरून जाणारी. तिला थोरली शिट्टी म्हणायची.

"तुमचा रडका गातोय का वर्गणी मागतोय, जाऊबाई?" बिब्बा मागून विचारायची.

"तुझ्या शिट्टीला कोणीतरी कुकरवर बसवा गं," थोरली मान न वळवता म्हणायची. "निदान डाळ तरी शिजेल."

मग दोन्ही रांगा हसायच्या, मास्तर ओरडायचे आणि काम पुढे सरकायचं.

दोघी राहायच्या एकाच घरात. दोन भाऊ, सासूबाई, मुलं आणि एक स्वयंपाकघर. अशा घरात जावाजावांचं कशावरून वाजेल ते सांगता येत नाही, पण यांचं गॅसवरून, पाण्यावरून, कोणाच्या मुलानं काय फोडलं यावरून कधी वाजलं नाही. भांडायचं तेवढं सगळं त्या गाण्यावरून भांडून घ्यायच्या. बिब्बा नवी नवरी म्हणून आली, तेव्हा तिला त्या घरात कोणी काही विचारत नव्हतं, चहात साखर किती घालू हेसुद्धा नाही. पहिला प्रश्न विचारला तो थोरलीनं: "तुला कोणाचा आवाज आवडतो?" बिब्ब्यानं घाबरत घाबरत नाव सांगितलं. "शी," थोरली म्हणाली, "त्यात आवडण्यासारखं काय आहे ते सांग बघू." बिब्बा सांगत गेली, थोरली खोडत गेली, आणि दूध उतू गेलं तरी दोघींना भान नव्हतं. आपलं म्हणणं कोणीतरी खोडून काढण्याइतकं मनावर घेतंय, हे बिब्ब्याला त्या घरात पहिल्यांदा कळलं. त्या दिवसापासून ते घर तिचं झालं.

आणि मग थोरलीच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ साधीच होती, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. फक्त आवाज गेला. अगदीच गेला असं नाही, उरली ती नुसती हवा, कोणी कागद चुरगाळावा तशी. परत येईल किंवा येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले, म्हणजे त्यांनाही माहीत नव्हतं. घरात टीव्ही बंद करून कान जवळ नेला तर तिचं बोलणं कळायचं. कारखान्यात मशीनं चालू असताना ती बोलली काय आणि न बोलली काय, सारखंच.

ती कामावर परत आली त्याच दिवशी मास्तरांनी हातातली मोठी कात्री टेबलावर आपटून जाहीर केलं, "यापुढे रोजची पाळी ताईंची. ताईंचाच गायक लागेल."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून रोज जेवणानंतर रडका. कोणी उठून जागा दाखवत नव्हतं, कारण दाखवणारीचा आवाज गेलेला. कोणी तुटून पडत नव्हतं, कारण आजारी माणसाच्या आवडीवर कसं तुटून पडायचं. एकेकाळी 'याच्या गाण्यानं मला सुईवर झोप लागते' म्हणणारी काजवाली आता छातीवर हात ठेवून म्हणायची, "काय आवाज आहे ना, ताई. काय आवाज आहे." थोरली ओठांच्या एका कोपऱ्यातून हसायची आणि कॉलरीवर वाकायची. ते वाकणं बिब्ब्याला मागून दिसत राहायचं, आणि तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

न राहवून ती मास्तरांच्या टेबलाशी गेली. "मास्तर, हे काय मांडलंय? जाऊबाईंना विचारलंत का एकदा तरी?"

"अगं, बाई आजारातून उठलीय. जरा माणुसकी ठेव."

"घसा गेलाय त्यांचा, मास्तर. कान आहेत अजून."

"तुझ्या जिभेला हाड नाही," मास्तर म्हणाले आणि पुन्हा कापडावर खडू ओढायला लागले.

घरी तरी निराळं काय होतं? नवरा म्हणाला, "वहिनींशी जरा गोड बोलत जा." सासूबाई तर स्पष्टच बोलल्या. "पूर्वी ती तुला उत्तर द्यायची, तेव्हा ठीक होतं. आता तिला बिचारीला तोंड उघडता येत नाही, आणि तू आपली टोचत बसतेस. बरं दिसतं का ते?"

हे मात्र बिब्ब्याला लागलं. मुकं झालेल्या माणसाशी एकट्यानं भांडायचं, म्हणजे भांडण कसलं, तो नुसता मारच झाला. सगळं जग एकीकडे आणि आपण एकीकडे, तर कदाचित आपलंच चुकत असेल, असं तिला आयुष्यात क्वचितच वाटलं होतं. ते नेमकं तेव्हा वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघी मिळून चादरीची घडी घालत होत्या. दोन टोकं हिच्या हातात, दोन तिच्या. बिब्ब्यानं घसा साफ केला.

"जाऊबाई, खरं सांगू? तुमचा रड... तुमचा तो गायक चांगला गातो हो. मलाच इतकी वर्षं कळत नव्हतं."

थोरलीचे हात थांबले. हिला ताप तर नाही ना, अशा नजरेनं ती बघत राहिली. मग तिचा चेहरा एकदम मिटला. तिनं पुढे होऊन बिब्ब्याच्या हातातली टोकं काढून घेतली, चादरीची घडी एकटीनंच घातली आणि ती आत निघून गेली.

सकाळी कामावर पोचल्यावर तिनं मास्तरांच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं. मास्तरांनी मान हलवत ते हॉलभर पोचवलं. ताई शनिवारपासून काम सोडणार.

"बरंच झालं," नवरा घरी म्हणाला. "वहिनींना आराम मिळेल."

"आराम," बिब्बा म्हणाली. "खिडकीपाशी बसून आईंचं खोकणं मोजतील दिवसभर, तोच ना आराम?"

नवऱ्यानं पेपर वर उचलला. तिला नवऱ्याचा राग आला, सासूबाईंचा आला, मास्तरांचा तर जुनाच होता, पण सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. साऱ्या जगानं थोरलीला आजारी ठरवून टाकलं होतं. तिला जुन्या हिशेबानं वागवणारं एकच माणूस उरलं होतं, आणि तेही आदल्या संध्याकाळी हातात चादर धरून समाचाराला आल्यासारखं बोललं होतं. असल्या शहाणपणाला काय म्हणावं?

शुक्रवारी जेवणानंतर मास्तरांनी निरोपाचा कार्यक्रम ठेवला. कार्यक्रमाचा खर्च शून्य आणि ऑर्डर त्याच दिवशी जायची, म्हणून त्यांनी नियम सांगितला: बोलणारीनं उभं राहायचं, ताईंच्या गायकाबद्दल दोन चांगले शब्द बोलायचे, बाकीच्यांनी हात चालू ठेवायचे. त्यामुळे निरोप चालला होता मशीनांच्या खडखडाटात, बेंबीच्या देठापासून ओरडून. एक म्हणाली, आवाजात माया आहे. दुसरी म्हणाली, ऐकलं की शांत वाटतं. काजवालीनं डोळे पुसले. थोरली शेवटच्या कॉलरी लावत होती, आणि प्रत्येकीला नुसती मान डोलवून पावती देत होती.

बिब्ब्याची वेळ आली. ती उठली.

"रोज लागतं त्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात हा वर जातो ना," ती ओरडली, "तिथे तो पोचतच नाही. अर्ध्यावर लटकतो आणि हुंदका देऊन वेळ मारून नेतो. लोकांना वाटतं, काय दर्द आहे. दर्द कसला, गळा कमी पडतो त्याचा. आणि जाऊबाईंना हे आजवर कळलं नाही, कारण त्यांना आवाजातलं काही कळतच नाही. त्यांना फक्त रडणं आवडतं."

मास्तरांची कात्री कापडात अडकून राहिली. "अहो, आज तरी," काजवाली कळवळून म्हणाली. "खाली बस आधी," मास्तर ओरडले.

थोरली वळली होती. तिचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला होता. तिनं तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा फुगल्या, ओठ हलत राहिले आणि मशीनांच्या आवाजात त्यातलं अक्षरही कोणाला ऐकू आलं नाही. बिब्ब्याला वाटलं, आता या रडणार, आणि रडवलं कोणी तर आपण, जिनं रडवायला नको होतं तिनं. माफी मागायला तिनं पाऊल उचललं.

पण थोरली तिच्याकडे आलीच नाही. खुर्ची मागे ढकलून ती दोन रांगांच्या मधून तरातरा चालत दारापर्यंत गेली, आणि तिनं मेन स्विच खाली ओढला.

सगळी मशीनं एकदम बसली. पंखेही मंदावत थांबले. कामाच्या वेळेत तो हॉल इतका गप्प झालेला कोणी कधी ऐकला नव्हता.

"पोचतो," थोरली म्हणाली. हवेसारखा, फाटका आवाज, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "त्याच्या जुन्या गाण्यांत... त्याच जागेवर सरळ जाऊन उभा राहतो." तिनं श्वास घेतला. "इथे जात नाही. मुद्दाम जात नाही. जाता येत असून न जाणं... आणि जाताच न येणं... यातला फरक तुला काय कळणार. शिट्टी ऐकून ऐकून कान गेलेत तुझे."

"शिट्टी निदान अर्ध्या वाटेतून परत येत नाही," बिब्बा जागेवरून म्हणाली.

"कारण तिला परतीची वाट माहीत नाही."

कोणीतरी फिसकन हसलं. मग काजवालीला कंठ फुटला. "पण ताई, मलाही तो तिथे कमीच पडतो असं वाटतं हं."

थोरली तिच्याकडे वळली. "आणि महिनाभर काय आवाज आहे, काय आवाज आहे करत होती... ती कोण होती?"

काजवालीनं जीभ चावली. आता हॉलमध्ये सगळ्याच बोलायला लागल्या. शांत कसलं वाटतं, कंटाळा येतो, असं एकीनं सांगूनही टाकलं. थोरली एकेकीला बोट दाखवून गप्प करत होती आणि दम खाऊन खाऊन उत्तर देत होती. बोलायला लागली की बाकीच्या आपणहून गप्प व्हायच्या, कारण नाहीतर ऐकू आलं नसतं.

"ताई, ऑर्डर," मास्तर काकुळतीला येऊन म्हणाले. "स्विच लावू का?"

थोरलीनं त्यांना तळहात दाखवला. ती बिब्ब्याच्या मशीनपाशी आली आणि वाकली. हे मात्र तिनं फक्त तिच्यापुरतं म्हटलं.

"परत कधी माझ्यापुढे त्याला चांगलं म्हणालीस... तर तोंड बघणार नाही तुझं."

"म्हणते कशाला," बिब्बा म्हणाली. तिला समोरचं नीट दिसत नव्हतं. "भिकार गातो."

"हं," थोरली म्हणाली.

मास्तरांनी स्विच वर केला. पंखे फिरले, एकेक मशीन धडधडायला लागलं, आणि थोरलीनं आपल्या जागेवर जाऊन फळीवरून शनिवारच्या कॉलरींचा गठ्ठा खाली ओढला आणि त्याची गाठ सोडायला घेतली.