चांदीवर उठलेला अंगठा

गल्लीत सगळे त्यांना 'हातनको' म्हणत. घरी कुणी आलं, की पाणी विचारायच्या आधी ते म्हणत, "हात नको लावू हं." चाळीस वर्षं इस्पितळात एक्स-रे काढण्यात गेली. लोकांच्या हाडांपर्यंत पोचलेला हा माणूस, पण लोकांपर्यंत पोचायचं काही जमलं नाही. सगळा जीव जुन्या चांदीच्या नाण्यांत, आणि त्यातही रंग चढलेल्या नाण्यांत.

चांदी काळी पडते एवढंच बहुतेकांना माहीत असतं, आणि मग ते राख घेऊन घासायला बसतात. असल्या लोकांशी हातनको बोलतच नसत. एखादं नाणं कागदात गुंडाळून डबीत वर्षानुवर्षं पडून राहिलं, की हवा त्याला सावकाश रंगवते. कडेला निळा, आत जांभळा, मग केशरी आणि मधोमध फिकट सोनेरी. सरळ बघितलं तर हे रंग दिसत नाहीत, नाणं थोडं कलतं करावं लागतं. फोटोत ते पकडण्यासाठी त्यांनी टेबलावर एक मांडणी केली होती. वर कॅमेरा, खाली नाणं आणि मधे तिरकी धरलेली साधी काच. बाजूच्या दिव्याचा उजेड काचेवर आपटून सरळ नाण्यावर पडायचा. अंगात काळा सदरा, कारण पांढरा घातला तर नाण्यात उतरतो. हातात सुती मोजे.

घरात ते आणि धाकटी बहीण, दोघंच. ती शिवणकाम करायची. लग्न दोघांनीही केलं नाही. का, ते त्यांनी एकमेकांनाही कधी विचारलं नाही. तसं बरं चाललं होतं. मग बावीस वर्षांपूर्वी त्यांच्या सगळ्यांत देखण्या नाण्यावर, राणीच्या बरोबर गालावर, एक तपकिरी अंगठा उठला.

ठसा पडतो तेव्हा दिसत नाही. बोटाचा घाम चांदीत मुरतो आणि कधी दोन वर्षांनी, कधी तीस वर्षांनी वर येतो. एकदा आला, की जात नाही.

"तू हात लावलास," हातनको म्हणाले.

"नाही रे दादा. मी कशाला लावू?"

"मग काय भुतानं लावला?"

धाकटी शिलाईयंत्रावर जाऊन बसली. त्या दिवसापासून तिनं नाण्यांच्या खोलीचा उंबरठा ओलांडला नाही. चहा आणायची, बाहेरच्या स्टुलावर कप ठेवायची, "दादा, चहा" म्हणायची आणि निघून जायची. एकवीस वर्षं! हातनकोंना ते सोयीचंच वाटलं. सांगताना जीभ अडखळते, पण खरं आहे.

गेल्या वर्षी धाकटी गेली. महिना झाला नाही, तोच दुसरा अंगठा उठला.

कपाटाच्या वरच्या खणातलं तिसरं नाणं. पडद्यावर फोटो मोठा केल्यावर रेघ न् रेघ दिसली आणि त्या रेघांना आडवी छेदून जाणारी एक कोरी तिरपी फट. पंधरा दिवसांनी चौथ्या नाण्यावर तोच अंगठा, तीच फट. मग पाचव्यावर. कुणीतरी सवडीनं एकेक नाणं उचलून बघत पुढे सरकत असावं, तसं. कपाटाला कुलूप आणि किल्ली यांच्या कमरेला. हातनकोंची पाचावर धारण बसली.

एका दुपारी आरशासारख्या लख्ख नाण्याचा फोटो काढला, तर त्यात उंबरठ्यापाशी काळसर काहीतरी उभं होतं. त्यांनी वळून पाहिलं. कुणी नाही. दार लावून घेतलं आणि परत फोटो काढला. काळसर होतंच, आता दाराच्या अलीकडे.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. पण माणूस भीतीलाही सरावतो. दोन-तीन महिन्यांत हातनको कपाट उघडताना बोलायला लागले. "आज कुठलं बघितलंस गं?" घर पूर्वीइतकं मोकळं वाटत नसे. त्यांनी मनाशी ठरवलं, की धाकटी रागानं आलेली नाही. राग असता तर नाणी भिरकावली असती. ही तर जपून उचलून जागच्या जागी ठेवते. जिवंतपणी जे बघू दिलं नाही, ते आता बघते आहे. म्हणजे तिनं माफ केलं. या एका गोष्टीवर म्हातारा तगून होता.

फक्त खात्री हवी होती. शेवटच्या वर्षी धाकटीचा हात कापायचा, म्हणून बँकेच्या कागदावर तिनं सहीऐवजी अंगठा दिला होता. तो कागद त्यांनी शोधून काढला, काचेखाली ठेवला आणि फोटो काढून नाण्याच्या फोटोशेजारी लावला.

कागदावरच्या रेघा गोल गोल फिरत मधे मिटलेल्या. नाण्यावरच्या एका बाजूनं येऊन वळसा घेऊन परत जाणाऱ्या. कागदावर फटीचा तर पत्ताच नाही. तीनदा ताडून पाहिलं. तो अंगठा धाकटीचा नव्हता.

मग इतके महिने ते कुणाशी बोलत होते? पाठ दाराकडे करायची हिंमत होईना. भिंतीला पाठ लावून ते बराच वेळ बसून राहिले. शेवटी मांडणी आवरायची म्हणून मोजे काढले आणि तिरकी काच उचलून टेबलावर ठेवली. दिव्याचा उजेड तिच्यावर आडवा पडला.

काचेवर अंगठा उठला होता. ताजा, ओलसर. वळसा घेऊन परत जाणाऱ्या रेघा आणि त्यांना छेदणारी तिरपी फट. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक्स-रेची फिल्म कापताना सुरी लागली होती, तिचा वण.

त्यांनी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं.

खणातली नाणी ज्या क्रमानं घेतली त्याच क्रमानं लावलेली होती आणि मोजे वापरायची अक्कल त्यांना चार-पाच वर्षं उशिरा सुचली होती; ठसेही त्याच क्रमानं वर आले होते. ठसा उमटायला किती काळ लागतो, हे शेजारच्या पोरांनाही समजावून सांगणाऱ्या माणसाला स्वतःचा अंगठा तेवढा कधी आठवला नाही, आणि लख्ख नाण्यात उतरलेला स्वतःचा काळा सदराही ओळखू आला नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ मात्र दिसलं होतं. त्यांनी राणीचं नाणं काढलं. तोच अंगठा.

आणि मग तो दिवस आठवला. नाणं नुकतंच घरी आलेलं. ते चिमटीत धरून हे पोरासारखे स्वयंपाकघरात धावत गेले होते. "बघ, बघ, काय रंग आहे!" धाकटी भांडी घासत होती. तिनं घाईघाईनं हात पुसले. ते नाणं तिच्या नाकासमोर धरून उभे, आणि ती दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून, वाकून बघत होती. "किती सुंदर रे दादा," एवढंच म्हणाली होती.

"मीच होतो गं," हातनको मोठ्यानं म्हणाले. "तू नव्हतीस. मीच."

त्यांनी दार सताड उघडलं. बाहेर शिलाईयंत्रावर दुपारचं ऊन पडलं होतं.

"आत ये," ते म्हणाले. "हात लाव. सगळ्यांना लाव."

ऊन यंत्रावरून भिंतीवर चढलं आणि भिंतीवरून गेलं, तरी ते दारातच उभे होते. घरात कुणीच नव्हतं. बावीस वर्षांत त्या खोलीत त्यांच्याशिवाय कुणी आलंच नव्हतं.