आमच्या नळाला पावडरीचा वास

नळाला पाणी असलं की किस्से घडत नाहीत. लोक पाणी भरतात, तोटी बंद करतात आणि आपापल्या कामाला लागतात. पाणी आटलं की मात्र गावाला वाचा फुटते. आमच्या नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागात मी केमिस्ट म्हणून लागले तेव्हा पावसानं नुकतीच पाठ फिरवली होती. त्यामुळे माझ्याकडे किस्स्यांचा साठा भरपूर आहे. पाण्याचा साठा विचारू नका!

गाव बालाघाटाच्या डोंगरावर. वर तलाव, तलावाखाली फिल्टर प्लांट आणि प्लांटवर आम्ही चार माणसं. एक इंजिनिअर साहेब. दुसरे रज्जाकभाई, व्हॉल्वमन. कोणत्या गल्लीला कधी पाणी सुटायचं ते यांच्या खांद्यावरची लोखंडी चावी ठरवायची. तिसऱ्या शांतामावशी. त्या झाडलोट करायच्या, चहा करायच्या आणि आम्हा सगळ्यांना रागवायच्या. चौथी मी. पाणी पिण्यालायक आहे की नाही, एवढं बघायचं माझं काम.

तलाव खाली गेला की बुडाचं पाणी गढूळ असतं, त्यात जंतू जास्त. म्हणून टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर जास्त टाकावी लागते, आणि पावडर जास्त टाकली की नळाला वास येतो. त्या दुष्काळात मी बाकी काही केलं नाही. गावाशी फक्त त्या वासावरून भांडले.

* * *

पावडर पोचते की नाही ते तपासायची रीत सोपी आहे. नळाचं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं आणि औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर पावडर पोचली, पाणी सुरक्षित. पांढरंच राहिलं तर काहीतरी गडबड आहे.

ही रीत ज्यानं शोधली त्याला आमचं गाव माहीत नव्हतं.

पेठेतल्या पहिल्याच घरी मी थेंब टाकले आणि पाणी पिवळंधमक झालं. घरमालकानं चार शेजारी गोळा केले. "बघा, आमी म्हनत व्हतो ना पानी खराब हाय? आता मॅडमनीच दाखीवलं."

मी समजावून सांगितलं की पिवळं चांगलं. सगळ्यांनी मान डोलावली, पण एकाचाही विश्वास बसला नाही.

शेजारच्या घरात पाणी पांढरं राहिलं. तिथली काकू खूश झाली. "आमचं निघालं ना चांगलं? आमच्यात सोवळंच लई."

"काकू, हे चांगलं नाही. तुमच्याकडे पावडर पोचत नाही. पाइप फुटला असेल."

काकूचा चेहरा पडला. पाइपाचं तिला काहीच वाटलं नाही. तिनं भिंतीपलीकडे एक नजर टाकली आणि दुसऱ्या दिवशी नगरपरिषदेत अर्ज ठोकला. अर्जदाराच्या शेजारणीस पावडर मिळते, अर्जदारास मिळत नाही, तरी हा भेदभाव ताबडतोब दूर करावा!

पाइप दुरुस्त झाला. पाणी पिवळं झाल्यावर काकूनं ती नळी शेजारणीला नेऊन दाखवली.

* * *

दुसरी तपासणी जंतूंची. त्यासाठी औषध घातलेल्या छोट्या बाटल्या येतात. त्यात पाणी भरून बाटली उबेला ठेवायची. काळी पडली तर त्या पाण्यात घाण मिसळली आहे असं समजायचं.

उन्हाळ्यात टेबलावर ठेवली तरी चालते, पण डोंगरावरचा हिवाळा कडक, लाइटचा भरवसा नाही आणि आमचं उबेचं यंत्र बंद पडलेलं. मी काळजीत होते. मावशी म्हणाल्या, "द्या इकडं त्या बाटल्या. करते मी सोय."

सोय उत्तम झाली. बाटल्या रोज वेळेवर परत यायच्या, कोमट, पदरात गुंडाळलेल्या. मी जास्त चौकशी केली नाही. सरकारी नोकरीत सोय झाली की चौकशी करू नये.

मग जिल्ह्याहून तपासणीला एक साहेब आले. म्हणाले, "रिपोर्ट छान आहेत. पण तुमचं यंत्र तर बंद दिसतंय. बाटल्या ठेवता कुठे?"

मावशी त्यांना प्लांटच्या मागे घेऊन गेल्या. तिथे टोपलीत त्यांची तपकिरी कोंबडी खुडूक होऊन बसली होती. अंडी तीनच, बाकी सगळ्या माझ्या बाटल्या.

साहेब वाकून बघायला लागले.

"लई गुणाची हाय," मावशी म्हणाल्या. "फकस्त हात लावू नका. अधिकाऱ्याला बी टोचती."

साहेबांनी शेरा लिहिला, 'पर्यायी व्यवस्था समाधानकारक.'

* * *

त्याच कोंबडीखाली एक बाटली काळीकुट्ट झाली. ती होती खालच्या आळीतल्या जुन्या बारवेची. नळाला वास येतो म्हणून लोक हळूहळू बारवेचं पाणी प्यायला लागले होते. "लई गोड हाय," म्हणायचे.

मी आळीत सांगत फिरले. लोक म्हणाले, आमचे आजे-पणजे हेच पाणी पिऊन गेले. कशानं गेले ते मात्र कोणी सांगेना.

त्याच आठवड्यात रज्जाकभाईंची नात मुन्नी जुलाबानं आडवी झाली. सलाइन लागलं. नळ सोडणाऱ्याच्याच घरात पोरगी बारवेचं पाणी प्यायली होती. ती वाचली. पण डोळे खोल गेलेले, गप्प पडून राहिलेलं ते लेकरू बघून मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले. गावाचा इतका राग मला आधी कधीच आला नव्हता.

रज्जाकभाई दुसऱ्या दिवशी कामावर आले. चावी भिंतीला टेकवली आणि म्हणाले, "मॅडम, पावडर टाका. बराबर टाका. लोकं शिव्या देतील त्यान्ला माझ्याकडं पाठवा. आपल्याला सवय हाय."

* * *

आणि लोक शिव्या देतच होते.

पाणी आठवड्यातून एकदा सुटायचं, त्यामुळे गावात लग्नाची तारीख काढायच्या आधी रज्जाकभाईंना विचारायची पद्धत पडली. गुरुजी म्हणायचे गुरुवार, रज्जाकभाई म्हणायचे शनिवार. मग गुरुजी पंचांग परत उघडायचे आणि शनिवारी मुहूर्त सापडायचाच.

असंच एक लग्न निघालं. मुलीचे वडील गावातले मोठे बागायतदार, आणि वऱ्हाड माजलगावचं. म्हणजे धरणाकाठची माणसं, पाण्याच्या बाबतीत नाक वर. पंगत बसली. नवरदेवाच्या मामानं पेला तोंडाला लावला, हुंगला आणि खाली ठेवला.

"पाव्हनं, लग्न हितंच हाय का दवाखान्यात?"

सगळी पंगत हसली. मुलीच्या बापाचा चेहरा उतरला. तो हात न धुताच उठला आणि तडक अण्णांकडे गेला.

अण्णा म्हणजे आमचे नगरसेवक आणि सहकारी दूध संघाचे चेअरमन. गावात कोणाचाही अपमान झाला की तो अण्णांचा होतो, आणि अण्णांचा झाला की त्याचा ठराव होतो. अण्णांनी तिथेच जाहीर केलं, "ही पावडर बंद करून दाखवतो."

* * *

अण्णांनी हवा तापवली आणि तिचा पहिला फायदा घेतला बसस्टँडजवळच्या हॉटेलवाल्या बालाजीनं. त्यानं पाटी लावली, 'येथे बिनपावडरच्या पाण्याचा चहा मिळेल.'

काय गर्दी! लोक घरचा चहा सोडून तिथे यायला लागले. घोट घेऊन डोळे मिटायचे. "ह्याला म्हंतेत चव. पानी कुठलं हाय बे?" बालाजी नुसता डोंगराकडे हात करायचा.

मला शंका आली. हा बारवेचं पाणी तर आणत नसेल? मी गेले आणि त्याच्या माठातलं पाणी नळीत घेतलं. थेंब टाकले. पिवळंधमक! गावातल्या कुठल्याही नळापेक्षा पिवळं. माठ आमच्याच पाइपावर भरत होता.

"बालाजी, ही पाटी काय आहे मग?"

त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "मॅडम, लोकं चहा पित्यात, पाटी न्हाई. तुमाला पायजे ते पोटात जातंय ना? मग झाकून ठेवा की जरा."

मी नळी पर्समध्ये ठेवली. चहा घेतला. खरंच चांगला होता.

* * *

इकडे आमच्या इंजिनिअर साहेबांना स्फुरण चढलं. गावाचा गैरसमज दूर करायचा म्हणून त्यांनी भर चौकात, माइकवर भाषण देऊन, नळाचं पाणी प्यायचं ठरवलं. खरं तर साहेब स्वतः घरी जारचं पाणी प्यायचे, ते सगळ्या गावाला माहीत होतं. म्हणूनच गर्दी जास्त झाली.

साहेबांनी पेला वर केला, सगळ्यांना दाखवला आणि डोळे मिटून रिकामा केला. टाळ्या पडल्या. मागून एक म्हातारे बाबा म्हणाले, "आज न्हाई कळायचं. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी साहेब ऑफिसला आले नाहीत.

दुपारपर्यंत गावात बातमी झाली की साहेबांना जुलाब लागले. संध्याकाळी बातमी पुढे सरकली, साहेबांना बीडला हलवलं. रात्री कोणी काय म्हणत होतं ते लिहिण्यासारखं नाही. मावशी देवापुढे दिवा लावून बसल्या. साहेबांचा फोन बंद. मीसुद्धा मनातून हादरले होते, खोटं कशाला सांगू?

तिसऱ्या दिवशी साहेब बीडच्या एसटीतून उतरले. हातात फायली, डोक्याला रुमाल, तब्येत ठणठणीत. मीटिंगला गेले होते आणि चार्जर घरी विसरले होते. सगळा स्टँड त्यांच्याभोवती जमला. चौकात मागून बोललेले ते बाबा पुढे आले, साहेबांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि चिडून म्हणाले, "मीटिंगला गेलते तर सांगून जायाचं ना सायेब. दोन दिस सगळं गाव पानी उकळून पितंय. सरपान संपलं आमचं."

पाणी उकळून प्या म्हणून मी वर्षभर घसा फोडत होते. मी साहेबांना म्हटलं, दर महिन्याला एक मीटिंग ठेवा.

* * *

शेवटी अण्णांचा ठराव सभेत आला. 'नळाच्या पाण्यात पावडर टाकणे त्वरित बंद करावे.'

त्या दिवशी मला हसू येत नव्हतं. तलावात हिरवट चिखलपाणी उरलं होतं. ठराव झाला असता तर तेच पाणी जसंच्या तसं घराघरांत गेलं असतं आणि दवाखान्यात मुन्नीसारखी पोरं ओळीनं झोपली असती. मी उभी राहिले. जंतू सांगितले, बाटली दाखवली, कावीळ सांगितली, गॅस्ट्रो सांगितला. नगरसेवक जांभया देत होते. मागच्या खुर्च्यांवर अण्णांनी संघाचे दूधवाले सभासद आणून बसवले होते, टाळ्या वाजवायला. दारात रज्जाकभाई उभे होते. ते हातानं खुणावत होते, बोलत राहा.

माझं बोलणं संपलं. एकही टाळी पडली नाही.

नगराध्यक्षा ताई फार कमी बोलायच्या. त्या म्हणाल्या, "अण्णा, मॅडमचं बी ऐका. नुसत्या वासानं काय बिघडतंय?"

अण्णा याच प्रश्नाची वाट बघत होते. उपरणं सावरत उठले.

"काय बिघडतंय? ताई, नुसकान व्हतंय, नुसकान! मी हे आजवर बोललो न्हाई, आज बोलतो. आपल्या संघाचा टँकर काल डेअरीनं माघारी धाडला. अख्खा टँकर. कावून? तर म्हनं दुधाला पावडरीचा वास येतोय! आता बोला मॅडम."

साहेब फाइलमध्ये तोंड घालून बसले. मागच्या खुर्च्यांवरचे दूधवाले एकदम छताकडे बघायला लागले.

ताईंनी पदर तोंडाला लावला. बऱ्याच वेळानं काढला.

"अण्णा, वास सगळ्याच दुधाला व्हता का एखाद्या कॅनला?"

"सगळ्याच," अण्णा टेबलावर हात आपटून म्हणाले. "मी सोता हुंगलंय. एक बी कॅन सुटला न्हाई."

"बरं," ताई म्हणाल्या आणि क्लार्ककडे वळल्या. "लिहून घ्या. पावडर चालू ऱ्हाईल."

"आन् माझ्या दुधाचं काय?"

"दुधाचं तुमी बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी संघावर दूध निम्मंच आलं. वास मात्र अजिबात नव्हता. पेपरवाल्यानं अण्णांना दूध घटल्याचं कारण विचारलं तेव्हा अण्णा डोंगराकडे बघून म्हणाले, "लई दुष्काळ हाय. एका रातीत म्हशी आटल्या."