घरच्या वाफ्यातली गाजरं

आमच्या जुन्नर-आंबेगावात बागायतदार सहसा घरच्या भाजीचा वाफा वेगळा ठेवतो. त्यावर औषध मारायचं नाही. पाहुण्याला आपण कौतुकानं म्हणतो, "खा बिनघोर, घरचं हाय." म्हणजे बाजारात धाडलेलं काय असतं, हे आपणच बोलून जातो.

आमचा वाफा विहिरीजवळ. त्याच जागी मी किडीवर मारायच्या पांढऱ्या भुकटीची पोती पुरली होती. तिच्यावर बंदी आली तेव्हा दुकानदार म्हणाला होता, "परत घेत नाय राव. गाडून टाका, माती व्हईल." पुढे पाणी जवळ म्हणून बायकोनं तिथंच भाजी लावली. मी बोललो नाही.

यंदा सून बाळाला घेऊन माहेरून आली. बाळंतिणीला बाहेरचं नको म्हणून बायको तिला रोज त्याच वाफ्यातली गाजरं, मेथी देऊ लागली. द्राक्षांसाठी माती तपासायला आलेल्या साहेबांना मी हळूच विचारलं. ते म्हणाले, ही भुकटी पिढी उलटली तरी मातीत राहते. गाजरात उतरते, अंगातल्या चरबीत साठते, दुधातून बाळात जाते. विकणाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं? पोत्यावर हे छापलं नाही, हसरा शेतकरी छापायला मात्र जागा होती!

जेवताना मी सगळं सांगून टाकलं. बायकोनं सुनेचं ताट ओढून घेतलं. "इतकी वर्सं आमाला खाऊ घातलंत? तोंड शिवलं व्हतं का तुमचं?"

सुनेनं एवढंच विचारलं, "मग बाळाला पाजू का नको?"

मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाजत राहा, त्या वाफ्यातलं मात्र काही खाऊ नका. बाळावर काय परिणाम होईल, हे त्यांनाही ठामपणे सांगता आलं नाही.

गाजरं उपटली, तर थोरला भाऊ क्रेट घेऊन हजर. "टाकता कशाला? नारायणगावच्या बाजाराला लावू. तिथं कोण इचारतंय?"

सून बाळाला खांद्यावर घेऊन दारात उभी होती. तिनं त्याला विचारलं, "कुठल्या बाळंतिणीला धाडताय, आबा?"

भावानं क्रेट खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी सरकारी कचेरीत गेलो. ती माती उचलून न्यायची कुणी? तिथले साहेब मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले, "तशी काय सोय नाय. वरून मुरूम टाका."

एरवी मी बरं म्हणून निघालो असतो.

"साहेब," मी म्हणालो, "गाडी काढा. माझ्या सुनेसमोर उभं राहून हेच सांगा." आणि खुर्ची ओढून तिथंच बसलो.