गप्प गावाचा जबाब

माझ्या मोठ्या बाबांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाने, माणूस मारला होता. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचून मी काही झाकतो आहे असं कोणाला वाटू नये. धुऱ्यावरून, दोन शेतांमधल्या बांधावरून, चुलतभावाशी भांडण झालं. हातात फावडं होतं. चुलतभाऊ संध्याकाळपर्यंत जगला नाही. मोठे बाबा जन्मठेपेवर नागपूरच्या तुरुंगात गेले तेव्हा त्यांची मुलगी पाच वर्षांची होती. तिचं लग्न ठरलं तेव्हा मी खामगावला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच, त्यामुळे सरकारी कागद आला की तो माझ्यापुढे यायचा, मला कळो न कळो.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं आणि मग माणूस आपोआप घरी, असं गावात सगळेच धरून चालत. मीही. एका वकिलांना भीत भीत विचारलं तेव्हा कळलं की तसं नाही. जन्मठेप म्हणजे जन्मभर. सरकारने सोडलं तर सुटका. आणि सोडायचं की नाही, नुसतं दहा दिवस पॅरोलवर घरी पाठवायचं की नाही, हे ठरवण्याआधी गावात चौकशी होते. मोठ्या बाबांचे पॅरोलचे अर्ज तीनदा नामंजूर झाले होते. लग्नासाठी चौथा करायचा होता.

मोठी आई म्हणाली, “बापू, पोरीले बाप आठवत नाही. मांडवात एकदा उभा राहू दे त्याले. मंग नेऊ दे परत.”

आधीचे अर्ज का फेटाळले ते विचारायला मी मेहकरला गेलो. कचेरीतल्या कारकुनाने आधी हाकललं. मी व्हरांड्यात बसून राहिलो. जेवणाच्या सुट्टीनंतर त्याला कीव आली असावी. त्याने फाईल उघडून एक ओळ वाचून दाखवली. ‘गावात दहशत आहे, कैद्याविषयी बोलण्यास कोणी धजत नाही, सोडल्यास शांतताभंग होईल.’ तिन्ही वेळा हीच ओळ.

एस.टी.त बसल्यावर मला रडू यावं की हसू, ते कळेना. गाव का बोलत नव्हतं ते मला ठाऊक होतं. खटल्याच्या वेळी साक्षीदारांना ऐन पेरणीत बुलढाण्याच्या कोर्टात तारखांवर तारखा पडल्या होत्या. एकाचं वावर त्या वर्षी पडीकच राहिलं. तेव्हापासून गावाने ठरवलं होतं, पोलिसांच्या कागदावर ना सही, ना अंगठा. जमादार चौकशीला आला की त्याला चहा पाजायचा आणि ‘आमाले काही माहीत नाही साहेब’ म्हणायचं. त्यातच मोठ्या बाबांचं भलं आहे, अशी सगळ्यांची प्रामाणिक समजूत.

दुसऱ्या दिवशी गावातल्या चहाच्या हॉटेलापुढे मी ती ओळ सगळ्यांना सांगितली. कापूस पिंजणारे चाचा उसळलेच.

“अबे, आमी तं त्याच्यासाठीच गप राह्यलो! वाकडं बोलनं नको म्हून!”

“चाचा, तुम्ही गप्प राहिलात ती भीती म्हणून लिहिली गेली.”

“भीती? त्याची? त्याले सोताले बायकोची भीती वाटे!”

सगळे हसले. पोलीस पाटील मात्र हसले नाहीत. “चार बुकं वाचले तं आमाले कायदा शिकवून राह्यला का बे? अंगठा देल्ला की तारीख लागते.”

“तारीख नाही लागत, पाटील. ही चौकशी आहे, खटला नाही.”

“लिहून देतं?”

मी खरंच लिहून दिलं, जणू माझ्या सहीला काही किंमत होती. पाटलांनी कागदाची घडी करून टोपीत ठेवली. मग हळूच म्हणाले, “आमी बोलून काय होते? समोरच्या घरानं बोलाव लागते.”

समोरचं घर मयताचं. तिथे त्याची बायको, आमच्या काकू, एकट्या राहत. तेरा वर्षांत त्या आमच्याकडचं पाणी प्यायल्या नव्हत्या आणि आम्ही त्यांच्याकडचं. मी उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो. त्या तूर पाखडत होत्या. पाठ करून नेलेलं सगळं मी विसरलो.

“काऊन आला? माफ कर, असं म्हनायले?”

“नाही काकू. ते मी म्हणणारच नाही.”

“मंग?”

“माणूस बदलला की नाही, हे कधीतरी कोणी पाहावं की नाही? पाहायचंच नाही असं ठरलं, तर तो आत चांगला वागला काय अन् वाईट वागला काय, सारखंच. दहा दिवस येऊ द्या. परत गेला नाही तर मी गावात तोंड दाखवणार नाही.”

सूप थांबलं नाही. पाखडता पाखडताच त्या म्हणाल्या, “मी त्याले भेते, असं लिव्हलं कागदात?”

“गाव भितं असं आहे. गावात तुम्हीही आलात.”

“त्याच्याच धुऱ्याले लागून तेरा वर्सं एकटीनं वखर हाकलला मी! आन् मले भेकड म्हनते?”

जमादार आला तेव्हा त्या ओट्यावर येऊन बसल्या. सगळं गाव उभं होतं.

“लिव्हा. त्यानं माह्या मालकाले मारलं. मी इसरली नाही, इसरनार नाही. पन मी त्याले भेत नाही. पोरीच्या लग्नाले येऊ द्या. आन् परत गेला का नाही, थेही लिव्हा.”

त्यांनी अंगठा दिला. मग चाचांनी. मग रांगच लागली. पॅडमधली शाई सुकली, तसं जमादाराने त्यावर लोट्यातलं पाणी शिंपडलं.

दहा दिवस मंजूर झाले. मोठे बाबा आले ते पांढऱ्या केसांचे. मुलगी त्यांना ‘तुम्ही’ म्हणाली. मांडवात ते खांबाला धरून उभे राहिले, तांदूळ टाकायचे राहूनच गेले. नवव्या दिवशी सकाळीच त्यांनी पिशवी भरली. मोठी आई म्हणाली, अजून एक दिवस आहे ना.

“एस.टी. बंद पडली तं? मी उशिरा गेलो तं माह्या मागं रांगेत असलेल्या कैद्याचा अर्ज बुडते. तिथं असे लोक आहेत, त्याहिच्या गावाले कोनी इचारतही नाही.”

त्या शेवटच्या वाक्याने मला माझं मत दिलं. मी अजून शिकतो आहे, पुष्कळ गोष्टींत चुकत असेन. पण एवढं मी न अडखळता सांगतो. शिक्षा कितीही मोठी असो, तिला तपासणीची खिडकी हवी. जन्मभराची शिक्षा दिली, तरी ठराविक वर्षांनी कोणीतरी त्या माणसाकडे नव्याने बघितलं पाहिजे, आणि ज्याचं माणूस गेलं त्यालाही विचारलं पाहिजे. न बघता कोंडून ठेवणं सोपं आहे. आम्ही तीन वेळा तेच केलं होतं, तेही प्रेमाने.

मोठ्या बाबांना एस.टी.त बसवून मी परत येत होतो. काकू वखर जुंपून वावराकडे निघाल्या होत्या. बैल न थांबवताच त्यांनी विचारलं, “गेला?”

“गेले. एक दिवस आधीच.”

त्या चार पावलं पुढे गेल्या आणि मागे न बघता म्हणाल्या, “पुढच्या खेपेले जमादाराले सकाळी आनजो. दुपारची मी घरी नसते.”