लाईट गेली की वाचन

आमच्या वाचन मंडळाला नाव नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष तर नाहीच. आहे ती एक खिडकी. पण तिच्यापाशी इतके किस्से जमलेत, की एक सांगायला घ्यावा तर बाकीचे रुसून बसतात. म्हणून आज आठवतील तसे सांगते.

खिडकी माझ्या घराची, शनवारा मोहल्ल्यातली. समोर गोपाळशेठचा पॉवरलूमचा कारखाना, मधे हातभर बोळ. मागांची खडखड इतकी, की आमच्या घरात सगळे ओरडूनच बोलतात. पाहुण्यांना वाटतं, भांडण चाललंय!

माझे बाबा कागद कारखान्यात कामगार होते आणि पक्के युनियनवाले. ते गेले आणि त्यांचं पुस्तकांचं कपाट माझ्याकडे आलं. संप, मोर्चे, गिरण्या, खाणी, चहाचे मळे. सगळी कामगारांची पुस्तकं. आमचे हे सगळे खण बघून म्हणाले, "यात स्वयंपाकाचं एकपण नाही?"

एका दुपारी लाईट गेली आणि माग थांबले. असं झालं की सगळा शनवारा पाण्याखाली गेल्यासारखा वाटतो. सुताचे बारीक तंतू उन्हात तरंगत राहतात, खाली येतच नाहीत. लांब कुठेतरी भांडं वाजतं, कबुतर घुमतं. आपण जागे आहोत की नाही, कळत नाही. मी बाबांचं एक जाडजूड पुस्तक घेऊन बसले होते, विणकरांच्या एका जुन्या संपाचं. मी पडले शाळेतली बाई, मनात वाचताच येत नाही! पुटपुटत होते, तेवढ्यात कारखान्याच्या खिडकीतून आवाज आला.

"बाई, जरा मोठ्यानं वाचा ना. चोरून ऐकायला बरं वाटत नाही."

ते काशिनाथकाका, तिथले सगळ्यात जुने कारागीर. तेव्हापासून लाईट गेली की वाचन, आली की बंद. नियम काकांचाच. वाक्य अर्धं राहिलं तरी बंद!

*

अर्ध्या वाक्याचे हाल विचारू नका. एकदा मी वाचलं, "सगळे कामगार फाटकाशी उभे होते. तेव्हा मालकानं कोटाच्या खिशात हात घातला आणि..." आणि लाईट आली!

पुढे चार दिवस लाईट जाईना. रफिकभाई म्हणजे काकांच्या शेजारच्या मागावरचे. ते म्हणत, "पिस्तौल निकाला होगा, मॅडम." काका म्हणत, नोटीस. पैजा लागल्या. पाचव्या दिवशी लाईट गेली, सगळे खिडकीशी धावले.

मी वाचलं, "...आणि रुमाल काढून नाक पुसलं."

रफिकभाई कपाळाला हात लावून म्हणाले, "इसके लिए चार दिन नींद नहीं आई!"

*

मग कुणीतरी गोपाळशेठच्या कानावर घातलं, की बाई कारागिरांना संप शिकवतात. शेठ तरातरा माझ्या घरी आले. "मॅडम, हे काय चालवून राहिले तुम्ही? मी बसून ऐकतो आज."

बसले खुर्चीत, हातांची घडी घालून. त्या दिवशी नेमका मालकाच्या म्हाताऱ्या आईचा भाग होता. ती रोज कामगारांच्या पोरांना दारात बसवून जेवू घालते आणि मुलगा तिला मनाई करतो. शेठचे हात हळूहळू सुटले. लाईट आली, कारागीर उठले, तर शेठच ओरडले, "अरे, दोन मिनिट थांबा ना!"

जाताना दारात घुटमळले. हळूच विचारलं, "मॅडम, तो मालक पुढे सुधरतो का हो?"

*

आता खरी अडचण सांगते. इकडे लाईट सुधारली. जायचीच बंद झाली! सगळं शहर खूश, आणि आमचं एकच प्रकरण उरलेलं. संप जिंकला की हरला, ते त्यात होतं.

रफिकभाईंनी खांबावर चढलेल्या वायरमनला खालून विचारलं, "भाई, महिना हो गया. लाईट क्यों नहीं जा रही?"

तो वरूनच म्हणाला, "चाचा, तबीयत तो ठीक है?"

*

हसायला ठीक आहे, पण काकांना घाई होती. चाळीस वर्षं मागाजवळ काढल्यावर कान राहतात का? डावा कधीच गेला होता. उजव्याचं डॉक्टरांनी सांगितलं, की काही महिन्यांत तोही जाईल. काकांना वाचता येत नाही. ऐकायचं ते आत्ताच.

मी म्हटलं, "काका, सुट्टीच्या दिवशी तुमच्या घरी येते. कानाशी बसून वाचते."

काका देडतलाई गावी लेकीकडे निघाले होते. पिशवी खाली ठेवून म्हणाले, "नाही बाई. संप काय एकट्यानं ऐकायची गोष्ट आहे?"

मला रडू आलं. बाबा असते तर असंच म्हणाले असते.

*

आणि हा परवाचा.

दुपारी माग थांबले. तीच ती शांतता उतरली, तेच तंतू उन्हात तरंगायला लागले. मी सवयीनं पुस्तक घेऊन खिडकीत बसले. काका आधीच बोळात येऊन उभे, उजवा कान गजांना लावून. मागे रफिकभाई आणि बाकीचे. मी घसा ताणून सुरुवात केली. पानं सारखी उडत होती, एका हातानं दाबून वाचत होते.

अर्धं पान झालं आणि लक्षात आलं, की पानं उडतात कशानं? वर बघितलं. माझा पंखा गरागरा फिरत होता! समोर कारखान्यात बल्ब जळत होता. मी रफिकभाईंकडे बघितलं. ते चपलेकडे बघत होते.

तेवढ्यात गोपाळशेठ आले. "काय झालं रे? माग का बंद?"

"लाईट गई, सेठ," रफिकभाई म्हणाले.

शेठनी बल्बकडे बघितलं. माझ्या पंख्याकडे बघितलं. काकांच्या गजांना चिकटलेल्या कानाकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग दारातलं स्टूल ओढून बसले. "गेली तर गेली. वाचा मॅडम."

मी शेवटपर्यंत वाचलं. संप हरला होता. विणकर खाली माना घालून एकेक करत मागावर परतले. पुस्तक संपलं.

काकांनी विचारलं, "बाई, पण माग बंद पडले होते ना? सगळे?"

"हो काका. सगळे!" मी ओरडून सांगितलं.

काका बराच वेळ मान हलवत राहिले. मग गजांवरून कान काढला, खांद्यावरचा गमछा झटकला आणि जळत्या बल्बखाली जाऊन सगळ्यांना हाक मारली.

"चला रे, लाईट आली!"